एकाच चान्स प्रिंटवर दोन तज्ज्ञांची दोन मतं: ही फाईल पुन्हा पुन्हा का येते आणि ती कशी सोडवावी

अंगुली मुद्रा तपासणीवर देखरेख करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ही फाईल येतेच. घरफोडीचा गुन्हा, कपाटाच्या दारावरून उचललेला एक चान्स प्रिंट, म्हणजे घटनास्थळी कुणाच्या तरी हाताचा राहून गेलेला ठसा. पहिल्या तज्ज्ञाचा शेरा: संशयिताच्या उजव्या तर्जनीशी जुळतो. पडताळणीला दिला तर दुसऱ्याचा शेरा: तुलनेस अपुरा. दोघेही तज्ज्ञाची परीक्षा उत्तीर्ण झालेले, दोघांचीही नजर कसलेली. तिकडे तपासी अंमलदाराचे फोन सुरू, कारण पोलीस कोठडीची मुदत उद्या संपतेय.

अशा वेळी सर्रास काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दोघांना केबिनमध्ये बोलावलं जातं, ठसा मोठ्या स्क्रीनवर लावला जातो, सेवाज्येष्ठ माणूस पेनाच्या टोकाने एकेक रेषा दाखवत जातो, धाकटा "हो, आता दिसतंय" म्हणतो आणि एकमताचा अहवाल रवाना होतो. महिनाभराने दुसऱ्या ठाण्याच्या फाईलवर तीच गोष्ट.

मी कोल्हापुरात या कामावर देखरेख करते आणि नव्याने पर्यवेक्षक झालेले सहकारी मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. माझं सांगणं असं की केबिनमध्ये झालेलं एकमत हा तपासणीचा निष्कर्ष नव्हे. दोन जाणती माणसं एकाच ठशावर वेगळं बोलतात तेव्हा मधे कुठेतरी काहीतरी निसटलेलं असतं, आणि ते कुठे हे सापडेपर्यंत फाईल तुमच्याच टेबलावर राहिली पाहिजे. निसटायच्या जागा ठरलेल्या आहेत. ज्या क्रमाने मी त्या तपासते त्याच क्रमाने इथे लिहिते.

दोघांनी एकच चित्र पाहिलं का?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण निम्मी भांडणं इथेच मिटतात. एकाने मूळ लिफ्ट (पट्टीवर उचलून घेतलेला ठसा) भिंगाखाली पाहिलेली असते, दुसऱ्याने संगणकावरचा फोटो. तो फोटो कुठून आला ते विचारा. घटनास्थळावरून वॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर तो आकसलेला, दाबलेला असतो. रेषेची कड आणि घामाची छिद्रं त्यात पुसट होतात आणि त्यांच्या जागी चौकोनी डाग उमटतात. हे डाग एखाद्या वेळी हुबेहूब रेषेच्या टोकासारखे दिसतात. वॉट्सअ‍ॅपवरचा फोटो "काहीतरी मिळालंय" एवढं कळवायला ठीक. तुलनेसाठी कॅमेऱ्यातली मूळ फाईल मागवा, तिची हॅश किंमत (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा) नोंदवा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रमाणपत्रात ती लागणारच आहे. स्कॅन करायचा तर चान्स प्रिंट १००० पीपीआयला (इंचामागे १००० ठिपके) करा. ५०० पीपीआय दशांगुली पत्रिकेला, म्हणजे दहा बोटांचे ठसे घेतलेल्या कागदाला, पुरतं, अर्धवट ठशाला पुरत नाही. आणि फोटोत स्केल नसेल तर त्या फोटोवर आकारमानाबद्दल कोणीच काही बोलू नये.

यातच आणखी एक जुनी गोम आहे. गडद रंगाच्या कपाटावर करडी पावडर मारली की रेषा पांढरट दिसतात आणि मधल्या खाचा काळ्या. दशांगुली पत्रिकेवर शाईने घेतलेल्या ठशात नेमकं उलट. रंग उलटवून न घेता तुलना केली तर डोळा खाचांनाच रेषा समजून मोजायला लागतो. मग जिथे रेषा संपते तिथे फाटा दिसतो आणि फाट्याच्या जागी शेवट. काळ्या जिलेटीन लिफ्टरवर उचललेला ठसा तर आरशातल्यासारखा उलटा येतो, उजव्या हाताचा पाश (एका बाजूने येऊन वळून परत जाणाऱ्या रेषांचा नमुना) डाव्याचा भासतो. कुठल्या पावडरने, कुठल्या लिफ्टरवर, हे लिफ्टच्या मागे लिहिलेलं नसेल तर घटनास्थळी गेलेल्या कर्मचाऱ्याला फोन करा. अंदाज बांधू नका.

पावसाळ्यातल्या फाईली वेगळ्या काढा

जून ते सप्टेंबर इथल्या हवेत ओल मुरलेली असते आणि "अपुरा" शेऱ्यांची रास लागते. ओलसर पृष्ठभागावर पावडर रेषांनाच चिकटून न राहता सगळीकडे पसरते, ब्रशचे केस गुठळ्या धरतात, आणि दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की होतं तेही जातं. वस्तू हलवता येण्यासारखी असेल तर ती आणून खोलीच्या तापमानाला सुकू द्यावी. हेअर ड्रायर किंवा उन्हात ठेवणं नको, उष्णतेने ठशातला ओलावा आणि स्निग्धांश दोन्ही बिघडतात. सुपरग्लूची वाफ देऊन ठसा उमटवायच्या पेटीत साधारण ८० टक्के आर्द्रता लागते. बाहेरच हवा दमट असताना उन्हाळ्यातल्या वेळेच्या हिशेबाने वाफ दिली तर खाचाही भरून जातात आणि पांढऱ्या लेपाखाली ठसा बुजतो. एकदा बुजला की उलटा फिरत नाही. म्हणून प्रत्येक वेळी पेटीत स्वतःचा एक चाचणी ठसा ठेवा, आणि तो उमटला की थांबा.

पुराच्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी वस्त्यांत शिरलं. लोकांना घरंदारं सोडून जावं लागतं तेव्हा बंद घरांवर हात मारणारेही असतात. पाण्यात राहिलेल्या लोखंडी कपाटावर, काचेवर पावडरीचा उपयोग नाही. तिथे मोलिब्डेनम डायसल्फाइडचं द्रावण, ज्याला आपण एसपीआर म्हणतो, ते फवारायचं, कारण ते पाण्याने न जाणाऱ्या स्निग्धांशाला धरतं. भिजलेल्या कागदावर निनहायड्रिन मारून काही हाती लागत नाही. ते अमिनो आम्लांशी जांभळा रंग धरतं आणि अमिनो आम्लं पाण्यात केव्हाच विरघळून गेलेली असतात. दस्तऐवज, पासबुक, खरेदीखत असं काही भिजलेलं आलं तर फिजिकल डेव्हलपरची (भिजलेल्या कागदावर ठसा उमटवणाऱ्या द्रावणाची) सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवा.

पर्यवेक्षकाने इथे एवढंच करायचं: ठसा कुठल्या परिस्थितीत, कुठल्या पद्धतीने उमटवला याची एक ओळ फाईलवर आहे का ते पाहायचं. ती ओळ नसली की एक तज्ज्ञ तुटलेल्या रेषेला खरा शेवट धरतो आणि दुसरा म्हणतो ब्रशने पुसलीय. दोघांचंही बरोबर असू शकतं आणि दोघांनाही ठरवता येत नाही.

ठसा चांगला, पत्रिका वाईट

कित्येकदा सगळे चान्स प्रिंटकडे बोट दाखवतात आणि दोष संशयिताच्या पत्रिकेत असतो. आपल्या भागातले हात पाहा. शिरोलीच्या फाउंड्रीत वाळू हाताळणारा, हुपरीत चांदीला पॉलिश करणारा, ऊसतोडीला आलेला, गुऱ्हाळात कढईपाशी उभा राहणारा, सिमेंट कालवणारा गवंडी: यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, वर चिरा पडलेल्या असतात. ठाण्यात घाईघाईने, जाड शाईत बोट बुडवून घेतलेला ठसा म्हणजे काळा ठिपका. त्याच्याशी कशाचीही तुलना करा, एकाला जुळलेलं वाटेल, एकाला नाही.

झिजलेल्या रेषा कायमच्या जात नाहीत. कातडीच्या आतल्या थरातला नमुना शाबूत असेल तर त्या पुन्हा भरून येतात. तेव्हा हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, शाई अगदी पातळ लाटायची, बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दाबाने फिरवायचं, आणि एकच ठसा घेऊन न थांबता कमीजास्त शाईत तीन-चार घ्यायचे. माणूस काही दिवस कामावर नसेल तर त्यानंतर पुन्हा घेतलेली पत्रिका बघण्यासारखी असते. लाइव्ह स्कॅनर असेल तर काच प्रत्येक माणसानंतर पुसली जाते का तेही पाहा. आधीच्या माणसाच्या ठशाची सावली राहते.

दुसरं, तळवा. खिडकीचा गज धरताना, कपाट ढकलताना, काउंटरवर टेकताना बोटांच्या जोडीने तळव्याचा ठसा पडतो, आणि पत्रिकेत असतात फक्त दहा बोटं. मग तळव्याचा तुकडा बोटांत शोधत बसायचं, आणि कुणाला तरी कुठेतरी चार रेषा सापडतातच. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ मध्ये तळव्याच्या ठशांचा स्पष्ट उल्लेख आहे. तपासी अंमलदाराला एक पत्र लिहा आणि तळवे मागवा. सोबत घरच्यांचे ठसेही. फिर्यादीच्या घरातल्या सगळ्यांचे, मोलकरणीचे, नुकताच येऊन गेलेल्या रंगाऱ्याचे. हे ठसे आधी वगळले तर निम्म्या चान्स प्रिंटवर वाद व्हायचं कारणच उरत नाही.

इथवर सगळं तपासलं, सगळं जागच्या जागी आहे, आणि तरी दोन मतं आहेत? मग खरा विषय आता सुरू होतो.

पत्रातली ती एक ओळ

ठाण्याकडून आलेलं पत्र काढून वाचा. साधारण असं असतं: "सदर गुन्ह्यात अटक आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली असून त्याचेविरुद्ध यापूर्वी घरफोडीचे गुन्हे दाखल आहेत. तरी सोबतचा चान्स प्रिंट आरोपीच्या ठशांशी जुळतो किंवा कसे याबाबत अभिप्राय मिळण्यास विनंती." पत्र घेऊन आलेला हवालदार वरून तोंडीही सांगतो, "मॅडम, गडी कबूल झालाय की. तुमचा नुसता कागद पायजे."

यात त्याचा काही दोष नाही, तो त्याचं काम करतोय. पण हे पत्र जर तज्ज्ञाने ठसा पाहायच्या आधी वाचलं असेल तर तो आता ठशाकडे पाहत नाही, उत्तराकडे पाहतोय. इटिएल ड्रॉर या संशोधकाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत असायला हवा. पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी जुळवलेल्या ठशांच्या जोड्या परत दिल्या, आणि सांगितलं की ही ती गाजलेली चुकीची जुळणी आहे. पाचपैकी चौघांनी स्वतःचंच जुनं मत बदललं. ठसे तेच, माणसं तीच, फक्त कानावर पडलेलं वाक्य नवं.

ती गाजलेली चूक म्हणजे २००४ चं मॅड्रिद प्रकरण. ११ मार्चच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर डिटोनेटरच्या प्लॅस्टिक पिशवीवर एक ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयच्या तज्ज्ञांनी तो ओरेगॉनमधले वकील ब्रँडन मेफिल्ड यांचा ठरवला. पडताळणी करणाऱ्यांनी होकार भरला, न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही भरला. स्पेनचे पोलीस एप्रिलपासूनच सांगत होते की जुळत नाही. अखेर १९ मे रोजी त्यांनी तो ठसा औनान दाऊद या अल्जेरियन माणसाचा असल्याचं दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी मेफिल्ड सुटले. अमेरिकी सरकारने पुढे माफी मागून २० लाख डॉलर दिले.

त्या प्रकरणाची जी चौकशी झाली तिच्यातला एक निष्कर्ष पर्यवेक्षकाने पाठ करून ठेवावा. तज्ज्ञांना चान्स प्रिंटमध्ये आधी जी वैशिष्ट्यं (रेषांचे शेवट, फाटे वगैरे) दिसली नव्हती ती मेफिल्ड यांचा ठसा पाहिल्यावर "दिसू" लागली. म्हणजे पत्रिकेवरून चान्स प्रिंट वाचला गेला. केबिनमध्ये ज्येष्ठ माणूस पेनाचं टोक ठेवतो आणि धाकट्याला रेषा दिसायला लागते तेव्हा अगदी हेच घडत असतं.

उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. ठाण्याचं पत्र पर्यवेक्षकाने किंवा आवक लिपिकाने वाचायचं आणि तिथेच ठेवायचं. तज्ज्ञाकडे एक वेगळं कामपत्रक जाईल. त्यावर पृष्ठभाग कोणता, वस्तू सपाट की गोल, ठसा कसा उमटवला, वस्तूवर वरखाली दिशा कोणती, एवढंच. कबुली, पूर्वीचे गुन्हे, सीसीटीव्हीत कोण दिसलं, यातलं काहीही त्याला तुलनेसाठी लागत नाही. हवालदाराने आत जाऊन तज्ज्ञाशी बोलायचं नाही. चहा द्या, आपल्यापाशी बसवा, पण आत नको.

पत्रिका उघडण्याआधीचा अर्धा तास

माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वांत मोठा, आणि हाच सर्वांत जास्त टाळला जातो, कारण तो वेळ खातो.

तज्ज्ञाच्या हाती फक्त चान्स प्रिंटची मोठी केलेली प्रत द्यायची. पत्रिका बंद पाकिटात, तुमच्याकडे. त्याने प्रतीवर रंगीत पेनांनी खुणा करायच्या: ज्या वैशिष्ट्याबद्दल पक्की खात्री आहे तिथे हिरवी, बऱ्यापैकी खात्री असेल तिथे पिवळी, नुसता अंदाज असेल तिथे लाल. ही पद्धत बाहेरच्या देशांत काही ठिकाणी वापरली जाते आणि इथे वापरायला कसलीच अडचण नाही, चार पेनं पुरतात.

समजा लोखंडी कपाटाच्या मुठीवरचा ठसा आहे. पाश दिसतोय, डेल्टा (रेषा वेगवेगळ्या दिशांना फुटतात ती त्रिकोणी जागा) ठशात आलेलाच नाही. गाभा, म्हणजे नमुन्याचा मध्य, स्वच्छ. गाभ्याच्या वर दोन फाटे आणि एक छोटी सुटी रेषा, तिन्ही हिरव्या. उजवीकडे रेषा वाकतात तिथे दोन शेवट, पैकी एक हिरवा, एक पिवळा. खाली डावीकडे बोट सरकलंय. रेषा दुहेरी दिसतात आणि एकदम जाड होतात. तिथलं सगळं लाल. आता तज्ज्ञाने याच प्रतीखाली लिहायचं: पाश आहे, खालचा डावा भाग सरकल्यामुळे भरवशाचा नाही, ठसा तुलनेस योग्य आहे किंवा नाही. सही, तारीख, वेळ. मगच पाकीट फोडायचं.

तुलना करताना पत्रिकेत पाहिल्यावर चान्स प्रिंटमध्ये नवं काही दिसलं तर ते जरूर नोंदवावं, पण चौथ्या रंगाने, नारिंगीने. निष्कर्षाचा डोलारा हिरव्यावर उभा असेल तर मला काळजी नाही. नारिंगी खुणा वाढत चालल्या आणि हिरव्यातली एखादी खूण पत्रिकेत सापडतच नाही, "सरकल्यामुळे तसं दिसत असेल" असं तिचं स्पष्टीकरण दिलं जातंय, तर तिथे थांबायचं. एका खऱ्या, न पुसलेल्या विसंगतीपुढे दहा जुळणाऱ्या खुणांचा उपयोग नसतो.

किती बिंदू, म्हणजे वैशिष्ट्यं, जुळले पाहिजेत हा प्रश्न इथे हमखास येतो. आपल्या कायद्यात आकडा नाही. इंग्लंडने वर्षानुवर्षं पाळलेला १६ बिंदूंचा दंडक २००१ मध्ये सोडून दिला. आकडा मोजायची सवय असेल तर असू द्या, पण मोजताना लाल आणि नारिंगी बाजूला ठेवून मोजा. दोन तज्ज्ञांचे आकडे वेगळे का येतात ते तेवढ्याने बहुतेक वेळा उघड होतं: एकाच्या बारा खुणांतल्या पाच नारिंगी असतात.

नॅफिसच्या यादीबद्दल थोडं सावध

२०२२ पासून नॅफिसमुळे, म्हणजे ठशांच्या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीमुळे, देशभरातल्या नोंदींत शोध घेता येतो आणि आपल्याकडे राज्याची ॲम्बिस ही प्रणाली आहेच. न सुटलेल्या कितीतरी घरफोड्या यामुळे सुटू शकतात, याचं मोल मोठं आहे. पण संगणक "हाच" असं सांगत नाही, तो सर्वांत सारख्या दिसणाऱ्यांची यादी देतो. नोंदी जितक्या जास्त तितकी एखाद्या परक्या माणसाच्या बोटाशी कमालीचं साम्य सापडण्याची शक्यता जास्त. मेफिल्ड यांचं नावही अशाच संगणकाच्या यादीतून आलं होतं. यादीत वर असलेल्या नावाकडे तज्ज्ञाचा कल झुकतो हेही अभ्यासात दिसून आलंय. म्हणून यादी क्रम बदलून, संगणकाने दिलेले गुण झाकून द्या. आणि यादीतून आलेल्या जुळणीला विसंगती शोधण्याचा वेळ नेहमीपेक्षा जास्त द्या.

पडताळणी खरोखर आंधळी आहे का

आंधळी म्हणजे पहिल्याचं मत काय, पहिला कोण, यातलं काही माहीत नसताना. आपल्याकडे अडचण अशी की पडताळणीला फक्त "जुळलं" अशाच फाईली जातात. मग फाईल हाती आली यातच उत्तर कळतं. जुळले नाहीत आणि अपुरे ठरले असे ठसेही त्यात मिसळा. ते मिसळण्याचं दुसरं कारणही आहे. २०११ साली अमेरिकेत १६९ तज्ज्ञांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात चुकीने जुळवण्याचं प्रमाण ०.१ टक्का निघालं, पण खरंच एकाच माणसाचे असलेले ठसे "जुळत नाहीत" म्हणून बाजूला टाकण्याचं प्रमाण ७.५ टक्के. म्हणजे सुटून जाणारे जास्त आहेत, आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

लहान केंद्रात तीनच माणसं असतात, एकमेकांचं अक्षर ओळखतात, डबा एकत्र खातात. तिथे आंधळी पडताळणी होणार कशी, असं सगळे विचारतात. खुणांची प्रत काढून घ्या, कोरी प्रत द्या, फाईलला नुसता क्रमांक द्या. तरीही कठीण वाटलं तर वरिष्ठांच्या परवानगीने शेजारच्या जिल्ह्याशी वादाच्या फाईलींची अदलाबदल ठरवून घ्या. सांगली, सातारा काही लांब नाहीत. आणि गणेशोत्सवाच्या बंदोबस्तावरून पहाटे परतलेल्या माणसाला त्याच दिवशी पडताळणी देऊ नका. दमलेला डोळा लवकर होकार देतो.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. सगळं नीट केलं तरी मतभेद शून्यावर येणार नाहीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात ७२ तज्ज्ञांना त्यांचेच जुने ठसे साधारण सात महिन्यांनी परत दिले तेव्हा दर दहा निर्णयांमागे साधारण एक निर्णय बदलला. काठावरचे ठसे काठावरच राहतात. तुमच्या केंद्रात महिनोन् महिने एकही मतभेद नोंदला गेला नाही, तर पडताळणी होतच नाही असं समजून वर लिहिलेलं सगळं पहिल्यापासून तपासा.

मतभेद उरलाच तर

दोघांच्या रंगीत प्रती शेजारी ठेवा आणि आधी तुम्ही एकट्याने पाहा. बहुधा कळतं की दोघे ठशाच्या वेगवेगळ्या भागांवर विसंबून आहेत. मग दोघांना बोलवा, पण धाकट्याला आधी बोलू द्या. बोलायचं ते फक्त प्रतीवरच्या खुणांबद्दल. "मला वीस वर्षं झाली" हे इथे कारण होत नाही. चर्चेतून कोणाचं मत बदललं तर काय पाहून बदललं ते त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, जुनं मत न खोडता. तरीही जमलं नाही तर तिसऱ्याकडे कोरी प्रत. तोही वेगळं बोलला तर अहवाल "अनिर्णित" जाईल. बहुमताने ठसा जुळत नसतो.

अनिर्णित लिहायला माणसं घाबरतात, ठाण्यातून ओरड होते म्हणून. पण आपल्या कागदाचं वजन किती आहे तेही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या जसपाल सिंग खटल्यात अंगठ्याच्या ठशांची ओळख हे अचूक शास्त्र मानलं. न्यायालय आपल्यावर इतका विश्वास टाकतं, म्हणून काठावरच्या ठशावर ठाम मत देण्याची आपल्याला मुभा नाही. आणि जुळला तरी आपण सांगतो ते एवढंच की या बोटाने ही वस्तू हाताळली. १८९८ च्या जलपायगुडी खटल्यात रक्ताळलेल्या पंचांगावरचा अंगठा जुळला, तरी आरोपीला शिक्षा झाली ती चोरीची. खून शाबीत झाला नाही. तपासी अंमलदाराला हे फोनवर शांतपणे सांगता येतं, आणि बहुतेक जण ऐकतात.

सगळ्या प्रती, तिन्ही मतं, बदललेल्या मतांची कारणं फाईलमध्येच राहतील. मतभेदाची वेगळी नोंदवही ठेवा आणि सरकारी वकिलांना ती आधीच दाखवा. उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांकडून ती पहिल्यांदा कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं. अनिर्णित अहवालासोबतच्या पत्रात कारण स्पष्ट लिहा: ठसा सरकलेला होता, की पत्रिका अस्पष्ट होती, की तळवा मिळाला नव्हता. पत्रिका किंवा तळवा हे कारण असेल तर नवा नमुना पाठवल्यास तुलना पुन्हा केली जाईल हेही लिहा, आणि मूळ लिफ्ट सीलबंद करून तशी नोंद मुद्देमाल रजिस्टरला घ्या.